चुरगळलेली बरी

१४ जानेवारी

आई,

पत्र बघून दचकू नका. कोणी गेलेलं नाही, कोणाला काही झालेलं नाही. म्हणजे मला झालंय, पण किरकोळ. स्वरतंतूंवर एक गाठ होती, ती गेल्या आठवड्यात काढली. आता तोंडातून चकार शब्द काढायचा नाही असा डॉक्टरांचा हुकूम आहे. कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्याने म्हणे ताण जास्त येतो. तुम्ही मला भोंगा म्हणायचात ना, त्या भोंग्याची वायर सध्या काढून ठेवली आहे असं समजा.

पिटुकलीने गळ्यात अडकवायला पाटी करून दिली आहे: ‘मी रागावलेले नाही, मला बोलायला बंदी आहे.’ ती वाचून कोपऱ्यावरचा दुकानदार माझ्याशी जोरजोरात बोलायला लागतो, जणू मी बहिरी झालेय. तुमची नात आता कॉलेजात जाते, पण पिटुकली म्हटलं की अजून चिडते. ती सुट्टीत तुमच्याकडे येऊन गेली की मी आडून आडून विचारत राहते, आजी काय खाते, कशी चालते. ती म्हणते, तूच विचार ना. 

अकरा वर्षं तुमच्याशी बोलले नाही ते तुम्हीच बजावलं होतंत म्हणून. फोन करू नकोस म्हणालात, भेटायला येऊ नकोस म्हणालात. दोन्ही पाळलं. पत्राबद्दल तुम्ही काहीच बोलल्या नव्हतात, हे मला काल दुपारी पडल्यापडल्या सुचलं आणि मी ताडकन उठून बसले.

गप्प बसलं की जुनं सगळं वर येतं. मला आठवत होती तुमच्या लाँड्रीमागची खोली. त्याआधी आमच्या बँडला तीन ठिकाणांहून हाकललं होतं. गिटार वाजवणारा तुमचा मुलगा म्हणाला, आमच्या दुकानात मशिनं एवढी धडधडतात की आपला आवाज कोणाच्या खिजगणतीत येणार नाही. म्हणून आलो. वर दोऱ्यांवर ओल्या चादरी, खाली आम्ही. वाफेने गिटारच्या तारा गंजायच्या, ड्रम वाजवणाऱ्या हत्तीचा चष्मा धुकटायचा. (हत्ती अजून तसाच आहे, फुंकर मारली तर उडेल. बेस वाजवणारी आमची मास्तरीणही तशीच, अजून शाळेत गणित शिकवते आणि अजून आम्हालाही गणितातच रागावते.)

पहिल्याच दिवशी तुम्ही दारात येऊन उभ्या राहिलात. हातात इस्त्री. आम्ही मुकाट वायरी गुंडाळायला घेतल्या.

“कशाला आवरताय?” तुम्ही म्हणालात. “ही मुलगी ओरडते ते ओरडू दे, त्याला माझी ना नाही. पण काय ओरडते ते कळत नाही. ए, काय म्हणतेस गं तू?”

मी गाणं बोलून दाखवलं. गाऊन नाही, बोलून. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत.

“एवढं बरं लिहिलंयस, मग दाताखाली का चावतेस? लाजतेस का?”

खरंच लाजत होते. मोठ्याने ओरडणारी माणसं लाजत नसतात असं सगळ्यांना वाटतं. तुम्हाला एकट्यांना कळलं. त्या दिवसापासून मी एकही शब्द चावलेला नाही. कोणी माझी मुलाखत घ्यायला आलं की विचारतात, तुमच्या गाण्यांतले शब्द इतके स्वच्छ कसे ऐकू येतात? मी म्हणते, धुवून घेतलेत.

उत्तर पाठवलं नाहीत तरी चालेल. मला नुसतं सांगायचं होतं.

तुमचा भोंगा


९ फेब्रुवारी

आई,

पिटुकलीने मला झापलं. म्हणाली, आजीला ‘किरकोळ’ असं का लिहिलंस? म्हणून आता खरं लिहिते. गाठ वाईट जातीची नव्हती, ती भीती नाही. पण सर्जन म्हणाले, आवाज परत येईल, कसा येईल ते सांगता येत नाही. मी पाटीवर लिहून विचारलं, “गाता येईल?” ते चांगले गृहस्थ आहेत, चष्मा पुसत बसले. चष्म्यावर काहीही नव्हतं.

बंदी उठली त्या सकाळी आवाजाच्या बाईंकडे गेले. त्या घशाच्या ऑपरेशननंतर लोकांना पुन्हा बोलायला शिकवतात. त्यांनी पेलाभर पाण्यात एक नळी दिली आणि म्हणाल्या, फुंका, आणि फुंकताना हळूच ‘ऊ’ म्हणा. मी मोठमोठी मैदानं गाजवलेली बाई, पेल्यात बुडबुडे काढत बसले. पहिला आवाज निघाला तो तेल न घातलेल्या बिजागरीसारखा. मी घाबरून थांबले. त्या म्हणाल्या, “छान.” मी म्हटलं, “याला छान म्हणतात?” आणि मग लक्षात आलं की मी बोलले. आम्ही दोघी हसलो. मी थोडी रडलेही, पण ते बाहेर रिक्षात.

रोज सकाळी बुडबुडे, दुपारी बुडबुडे. मध्ये वेळच वेळ. त्यात तुमचं काय काय आठवतं! वर्तमानपत्राने मला ‘किंचाळणारी बाई’ म्हटलं होतं तेव्हा मी पांघरूण डोक्यावर घेऊन पडले होते. तुम्ही तो कागद कापलात, दुकानाच्या काचेवर चिकटवलात आणि खाली जाड अक्षरात लिहिलंत, ‘किंचाळणारी बाई इथेच राहते. कपडे वेळेवर मिळतील.’ धुवायला कपडे नसले तरी लोक नुसतं बघायला यायचे. पिटुकली झाली आणि मी चार महिन्यांत दौऱ्यावर निघाले, तेव्हा तुमच्या शेजारणी म्हणाल्या होत्या, आईचं काळीज आहे की दगड? तुम्ही म्हणालात, “काळीज आहे, ते गाडीत बसून निघालंय. पोर माझ्याकडे आहे.” परत आले तेव्हा ती तुमच्या टोपलीत गरम टॉवेलांच्या घडीवर पालथी झोपली होती. पावभर वाढली होती. एवढी निश्चिंत होऊन मी माझ्या माहेरीसुद्धा कधी झोपले नव्हते.

पण ज्याबद्दल लिहायला बसले ते टाळतेय. वकिलाच्या ऑफिसातला दिवस.

आपण त्यावर कधीच बोललो नाही. तुमचा मुलगा आणि मी वेगळे झालो, ते एकवेळ ठीक. दोघंही थकलो होतो, दोघंही एकमेकांना पुरलो नाही. पण रेकॉर्ड कंपनीला जुनी गाणी नव्याने काढायची होती आणि तो म्हणाला, शब्द तिचे असतील, चाली माझ्या आहेत. त्याने एवढ्या ठामपणे म्हटलं की मलाच क्षणभर वाटलं, असतील. रागाने माणूस खोटं बोलतो आणि मग त्याला ते खरंच वाटायला लागतं, तसं त्याचं झालं होतं. माझ्याकडे पुरावा काही नव्हता. गाणी तुमच्या मागच्या खोलीत झाली, तिथे कोण साक्षीला होतं?

तुम्ही होतात. कोणी बोलावलं नव्हतं. तुम्ही पिशवी घेऊन आत आलात, खुर्ची ओढलीत, पदराने घाम पुसलात.

“गिटार त्याची आहे,” तुम्ही वकिलाला म्हणालात. “छान वाजवतो. माझाच मुलगा आहे, छानच वाजवणार. पण चाली हिच्या आहेत. मी इस्त्री करायची आणि ही कपड्यांच्या ढिगावर बसून गुणगुणायची. आधी हिचं गुणगुणणं, मग त्याची गिटार. दर वेळी.”

वकील म्हणाला, आजी, असं कसं मानायचं?

आणि तुम्ही गायलात. तुम्ही, ज्यांनी पिटुकलीला अंगाईसुद्धा बोलून दाखवली! भर दुपारी, त्या टेबलापलीकडे बसून, घोगऱ्या आवाजात.

*सगळ्यांचे कपडे सरळ झाले,*
*मी तेवढी मळलेली बरी.*

“‘मळलेली’ नाही, ‘चुरगळलेली’ आहे,” वकील म्हणाला. त्यालाही गाणं पाठ होतं.

“आता चुरगळलेली आहे. आधी हिने मळलेली केलं होतं. मी म्हटलं, आमच्या दुकानातून मळलेलं काही बाहेर जात नाही, दुसरा शब्द शोध. मग ही दोन दिवस शब्द शोधत हिंडली आणि चाल तिथे लांबवली. हा तेव्हा गावाला होता, मामाकडे. विचारा त्याला.”

कोणी विचारलं नाही. तुमचा मुलगा खिडकीबाहेर बघत होता. त्याचे कान लाल झाले होते, लहान मुलाचे होतात तसे.

जिन्यावर मी तुमचे हात धरले. तुम्ही सोडवून घेतलेत. “तू जिंकलीस,” म्हणालात. “तुला आता मी लागत नाही. त्याला लागेन. तो हरलाय, आणि माझ्यामुळे हरलाय. तू येत राहिलीस तर तो माझ्या दारात पाय ठेवणार नाही. तेव्हा तू दूर राहा, फोनही करू नकोस.” आणि चार पायऱ्या उतरून मागे वळलात, “पाणी पीत जा, घसा कोरडा वाटतो तुझा.”

दुकान विकून तुम्ही त्याच्या गावी, समुद्राकाठी गेलात ते मला दुसऱ्यांकडून कळलं. पहिली दोन वर्षं त्याने दार उघडलं नाही हेही. तुम्ही समोरच खोली घेऊन राहिलात आणि रोज त्याच्या पायरीवर धुतलेले कपडे ठेवून यायचात, हे पिटुकलीने सांगितलं.

आई, त्या गाण्याने मला उभं केलं. ते माझ्या नावावर राहिलं म्हणून पुढची गाणी झाली, पुढचे दौरे झाले. पण तुम्ही एका दुपारी मुलगा पणाला लावलात. त्याबद्दल आभार मानायचे तर शब्द कुठला वापरायचा? एवढी गाणी लिहिली, मला तो शब्द सापडत नाही. सापडला की कळवते.

भोंगा (सध्या बिजागरी)


६ एप्रिल

आई, आई, आई,

तुमचं कार्ड आलं! पोस्टमनसमोरच वाचलं, त्याला कळेना ही बाई तीन ओळींना एवढं काय हसते. ‘दोन्ही पत्रं मिळाली. अक्षर अजून घाणेरडंच आहे. काय म्हणाली बुडबुडेवाली, ते लिही.’ बस्स! ना ख्याली ना खुशाली. मी ते स्वयंपाकघरात लावलंय. पिटुकली म्हणते, आता यालाही चाल लावशील.

बुडबुडेवाली म्हणाली, आता गाऊन बघा. म्हणून परवा सगळे जमलो. हत्तीने ड्रमवर नवी कातडी चढवून आणली होती, मास्तरीण शाळेतून थेट आली, हाताला खडू तसाच. सुरुवातीचं बरं गेलं. खालचे सूर तर पूर्वीपेक्षा भरदार लागतात. मग वरची जागा आली, जिथे मी नेहमी उडी मारते. उडी मारली आणि खाली जमीनच नव्हती. नुसती हवा निघाली. आवाज फाटला असता तरी चाललं असतं, पण काही निघालंच नाही. तोंड उघडं आणि आत शांतता.

हत्ती वाजवायचा थांबला.  मी माइक खाली ठेवला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. मास्तरीण येऊन शेजारी बसली.

“वरचं गेलंय,” मी म्हटलं.

“गेलं असेल,” ती म्हणाली. “खाली काय शिल्लक आहे ते मोजूया.”

“तुला सगळं मोजायचंच असतं.”

“मग काय रडायचं असतं? मुलं रडतात माझ्या तासाला, उत्तर येत नाही म्हणून. मी सांगते, प्रश्न नीट वाचा. तुझा प्रश्न ‘पूर्वीसारखं गाता येईल का’ हा नाही. तो सोडून दे, तो पेपरात आलेलाच नाही.”

आम्ही आत गेलो आणि सगळी गाणी दोन सूर खाली आणली. खाली आणली की ती निराळीच होतात, आई. रागीट होती ती दमलेली वाटायला लागली, एकदोन बरी झाली, दोनतीन मेली. ‘चुरगळलेली’ मेलेल्यांत आहे. खालच्या सुरात गिटार नुसती गुरगुरते, काहीतरी बिघडतंय आणि काय ते आम्हा तिघांना कळत नाही. आमचा नवा गिटारवाला पोरगेला आहे, त्याला वाटतं सगळं छान आहे.

जूनमध्ये नदीकाठच्या मैदानावर कार्यक्रम ठरलाय. होकार देऊन बसलेय, आणि लोक त्या एका गाण्यासाठी येतात. ते जमलं नाही तर मला थांबावं लागेल. हे अजून कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं कारण तुम्ही ‘असं बोलू नये’ म्हणणार नाही.

तुमची


२० मे

आई,

काय केलंत तुम्ही हे!

काल सकाळी फोन वाजला. पलीकडून कोणी बोलेना. मी म्हटलं, “कोण आहे?” मग खाकरणं ऐकू आलं आणि मला ते खाकरणं ओळखू आलं. लग्न मोडलं तरी खाकरणं ओळखू येतंच.

“आईने तुझी पत्रं वाचून दाखवली,” तो म्हणाला. “मला जेवायला वाढलं आणि वाचायला लागली. अर्ध्या ताटावरून उठता येईना.”

“सगळी?”

“सगळी. वकिलाचं दोनदा.”

मला हसावं की फोन ठेवावा कळेना.  मग एकदम कामाचं बोलायला लागला. तो पूर्वीपासून तसाच, मनातलं बोलायचं असलं की आधी वायरीबद्दल बोलतो.

“दोन सूर खाली आणलंय म्हणतेस. तारा बदलल्या का?”

“नाही.”

“मग गुरगुरणारच. ढिल्या पडल्यात त्या. जाड तारा लावायला सांग. आणि तुमचा पोरगा सहाच्या सहा तारा छेडत असणार. त्याला म्हणावं, हिच्या खालच्या आवाजाच्या जागेत घुसू नकोस. खालची जागा आता तुझी आहे, गिटारने वर राहायचं. पूर्वी उलटं होतं.”

मी कागद शोधून लिहून घेत होते. एवढं सोपं होतं, आणि आम्ही दीड महिना डोकं आपटत होतो. मी म्हटलं, “थँक्यू.” तो म्हणाला, “हं.” 

“मामाकडे होतो मी,” तो म्हणाला. “ती चाल झाली तेव्हा. परत आलो तर तू ऐकवलीस. मला एवढी आवडली की मला वाटायला लागलं, ही मलाच सुचायला हवी होती.” थांबून म्हणाला, “तेवढंच होतं ते. बाकी सगळा मूर्खपणा.”

मी म्हटलं, “तू वाजवलंस म्हणून ती लोकांपर्यंत गेली.” खरं तेच आहे. तुमच्यासमोर सांगते, मला त्याचा राग कधीच संपला होता. तो संपलेला त्याला कळवायचं राहून गेलं होतं, कारण मला दूर राहायचं होतं.

घाबरू नका, आम्ही पुन्हा संसार मांडणार नाही. पिटुकलीलाही हेच सांगितलं, तिने सुटकेचा निःश्वास टाकला. पण तारा बदलल्या, पोरग्याला समजावलं, आणि आज ‘चुरगळलेली’ जिवंत झाली. पूर्वी मी ते गाणं भांडल्यासारखं म्हणायची. आता दाराशी उभं राहून कोणाला तरी शांतपणे सांगितल्यासारखं होतं. वरची उडी काढून टाकली. तिथे आता नुसती थांबते, आणि हत्ती एकच ठोका देतो. मास्तरीण म्हणाली, “बरोबर.” तिच्याकडून एवढं मिळणं म्हणजे शंभरपैकी शंभर.

तुम्ही मला दूर राहा म्हणाल्या होतात, त्याचं कारण आता उरलं नाही असं मला वाटतं. तुम्हाला वाटत असेल तर पुढच्या महिन्यात या. तोही येऊ दे. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे, आणि सोफा लांब आहे.

तुमची


रविवार, सकाळ
(हा कागद साखरेच्या डब्याखाली ठेवतेय)

आई,

तुम्ही गाढ झोपलात म्हणून उठवलं नाही. मैदानावरून सामान परत आणायला हत्तीबरोबर जातेय, तासाभरात येते. चहाचं पाणी मोजून ठेवलंय. गॅसचं डावीकडचं बटण अडकतं, जरा दाबून फिरवा. तुमचा मुलगा सोफ्यावर आहे, पाय बाहेर आलेत त्याचे. पिटुकली आत्ता दात घासत बाहेर आली, त्याच्याकडे बघितलं, तुमच्या खोलीच्या उघड्या दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ब्रश तोंडात तसाच ठेवून मला मिठी मारली. माझा खांदा पेस्टने भरलाय. मी तो आज धुणार नाहीय.

काल कार्यक्रमानंतर मी घामाघूम होऊन तुमच्यासमोर येऊन उभी राहिले, तर तुम्ही माझ्या गळ्याला हात लावलात, ताप बघतात तसा. आणि म्हणालात, “भूक लागलीय.” मग आपण सगळे मैदानाच्या कडेला उभे राहून खाल्लं. हत्तीने तुमच्यासाठी खुर्ची आणली तर तुम्ही तिच्यावर त्यालाच बसवलंत, फार वाळलाय म्हणून.

मी गात असताना दोनदा तुमच्याकडे बघितलं. पहिल्यांदा तुम्ही डोळे मिटून बसल्या होतात, मला वाटलं, झोप लागली. दुसऱ्यांदा बघितलं ते त्या थांबण्याच्या जागी. सगळं मैदान गप्प होतं, तुमच्या शेजारी तुमचा मुलगा मांडीवर बोटांनी गिटारचे पडदे दाबत होता, आणि तुम्ही त्याचा दुसरा हात धरून बसल्या होतात. तुम्ही तो परत मिळवलात. मला ते बघायला मिळालं. मग ठोका पडला आणि मी पुढे गायले. त्यापुढचं मला फारसं आठवत नाही, पण सगळे म्हणतात चांगलं झालं.

तुम्ही किती दिवस राहणार ते मी विचारणार नाही. जाताना सांगा, अडवेन.

आता खरंच निघते. खाली हत्ती हॉर्न वाजवतोय.

आई, एक गंमत. आत्ता किल्ली शोधायला तुमच्या खोलीत डोकावले होते. तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपल्या होतात. मला राहवलं नाही, अगदी हळू, या नव्या आवाजात हाक मारून बघितली, “आई.”

तुम्ही झोपेतच ‘ओ’ दिलीत.